भाजे येथील वादिका आणि आपला तबला

मावळांतील भाजे गांवच्या डोंगरांत जीं लेणीं आहेत तीं महाराष्ट्रांतील जुन्यांत जुन्या लेण्यांपैकीं होत. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीनें मळवली स्थानकावर उतरावें, एका बाजूस कार्ल्याचा डोंगर व दुसऱ्या बाजूस लोहगड-विसापूरची जोडी पाहत भाजे गांव गांठावें, आणि पायऱ्यांनीं सुमारें चारशें फूट वर चढावें, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून असलेली ही बावीस लेण्यांची ओळ दृष्टीस पडते. इ. स. पूर्वींच्या दुसऱ्या शतकापासून येथें कोरीव काम चाललें होतें असें विद्वान् मानतात. ह्या ओळींतील एका विहाराच्या भिंतींवर जीं शिल्पें आहेत त्यांत एक लहानसा प्रसंग कोरलेला आहे. एक स्त्री बसून दोन चर्मवाद्यें हातांनीं वाजवीत आहे आणि दुसरी स्त्री नाचत आहे. एवढाच त्याचा विषय. परंतु अलीकडच्या काळांत ह्या दोघींना जी प्रसिद्धि मिळाली आहे ती त्याच विहारांतील रथारूढ सूर्याला किंवा गजारूढ इंद्रालाही मिळालेली नाहीं. "तबला हें वाद्य बाहेरून आलेलें नसून तें बावीसशें वर्षांपूर्वीं भाज्यास वाजत होतें" असें विधान ह्या शिल्पाच्या आधारें मोठ्या आत्मविश्वासानें केलें जातें. तें कितपत टिकतें, आणि तें टिकलें नाहीं तर शिल्पाचें मोल कमी होतें काय, हें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

ह्या विचाराला एक ताजें निमित्त झालें. आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थिनीनें पुण्यास तबल्याचें स्वतंत्र वादन ऐकलें. समोर बसून ऐकलेली वाद्यसंगीताची ही तिची पहिलीच मैफल. त्याविषयीं तिनें चार पानें लिहिलीं व तीं मजकडे वाचावयास दिलीं. त्यांत तीन गोष्टी होत्या. पहिली अशी कीं, गाण्यांत शब्द असतात म्हणून तें कळतें, वाद्यांत ते नाहींत म्हणून कंटाळा येईल, अशी तिची समजूत होती. पण अर्ध्या तासानंतर आपलीं बोटें आपोआप मात्रा मोजूं लागलीं आहेत, आणि सम येण्याच्या आधींच साऱ्या सभागृहाला तिची चाहूल लागलेली आहे, असें तिला दिसून आलें. दुसरी अशी कीं, एरवीं गवयाच्या बाजूस बसणारा तबला त्या दिवशीं मध्यभागीं होता, आणि पेटीवाला तासभर तोच एक सोळा मात्रांचा लेहरा वाजवीत त्याला साथ करीत होता. धनी आणि चाकर ह्यांनीं जागा बदलल्यासारखें तिला वाटलें. तिसरी गोष्ट शेवटच्या पानावर होती. भाज्याच्या लेण्यांत हाच तबला कोरलेला आहे असें तिनें कोठेंतरी वाचलें होतें, आणि मावळांतल्या एका बाईनें बावीसशें वर्षांपूर्वीं जें वाजविलें तेंच आज मीं ऐकलें, ह्या विचारानें तिचा ऊर भरून आला होता. पहिल्या दोन गोष्टी तिनें स्वतःच्या कानानें मिळविलेल्या आहेत. त्यांविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं. तिसरी मात्र इतिहासाची आहे, व ती इतिहासाच्या नियमांनींच तपासली पाहिजे. ऊर भरून येणें हा पुरावा नव्हे.

प्रथम दगड काय सांगतो तें पाहूं. भाज्याचें चैत्यगृह हें मुळांत लांकडी इमारतीचें दगडांत केलेलें अनुकरण आहे. त्याचे अष्टकोनी खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत; लांकडी मंडपांत छताचा रेटा सहन करण्यासाठीं खांब तसे रोंवीत, दगडांत त्याची कांहींच गरज नव्हती. छताच्या कमानीला ज्या लांकडी फांसळ्या बसविल्या होत्या त्यांपैकीं कांहीं आजही जागेवर आहेत. दर्शनी भागावरचें लांकडी काम मात्र नाहींसें झालें असून तें ज्यांत बसविलें होतें तीं भोंकें तेवढीं उरलीं आहेत. तात्पर्य, ज्या काळीं हीं शिल्पें कोरलीं त्या काळचें बहुतेक जग लांकूड, बांबू, कापड आणि कातडें ह्यांचें होतें, आणि तें कुजून गेलें. ढोलाचें खोड लांकडाचें किंवा मातीचें, आणि तोंड कातड्याचें. तसला ढोल इतक्या काळानंतर आपल्या हातीं येण्याची आशा नाहीं. शिल्पकारानें धरून ठेविली ती त्याची बाह्याकृति. एका वादिकेच्या ताब्यांत दोन वाद्यें होतीं, तीं काठीनें नव्हे तर हातांनीं वाजविलीं जात, आणि त्यांच्या तालावर नृत्य होत असे, इतकी साक्ष दगड निःसंशय देतो. त्यापुढें तो बोलत नाहीं.

आतां आज आपण ज्याला तबला म्हणतों त्याचें वैशिष्ट्य कशांत आहे तें पाहावें. केवळ दोन वाद्यांच्या जोडींत तें नाहीं. उजव्या हाताखालीं लांकडी खोडाचा तबला, डाव्या हाताखालीं धातूचा डग्गा, आणि दोहोंच्या कातड्यावर घोटून बसविलेली काळी शाई, असें त्याचें रूप आहे. लोखंडाची बारीक पूड खळींत मिसळून तिचे थरावर थर चढवावे लागतात, आणि प्रत्येक थर दगडानें घोटावा लागतो. ही शाई शोभेसाठीं नाहीं. साध्या कातड्याच्या ढोलावर थाप पडली असतां जे नाद एकदम उठतात त्यांचें परस्परांशीं सुरेल प्रमाण नसतें, म्हणून त्यांचा गोंगाट होतो. मध्यभागीं शाईचा भार घातला म्हणजे तेच नाद तारेच्या नादांप्रमाणें प्रमाणांत येतात, आणि चामड्यांतून षड्ज निघूं लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं शिवकाली कुमार ह्यांच्यासह १९२० सालीं ह्या गोष्टीवर टिपण प्रसिद्ध केलें, आणि १९३४ सालीं तिचें सविस्तर विवेचन केलें. त्या विद्यार्थिनीला जो नाद मोहवून गेला तो ह्या शाईचा होता, आणि भाज्याच्या दगडावर शाई दिसत नाहीं. तेथें ती नव्हतीच असेंही त्यावरून म्हणतां येणार नाहीं. पण जी दिसत नाहीं तिच्या भरंवशावर वाद्याचें नांव ठरवितां येत नाहीं.

नांवाचा पुरावा तर दोन्ही पक्षांना फसवितो. 'तब्ल' हा अरबी शब्द ढोलवर्गांतील वाद्यांना सामान्यपणें लावीत. त्यावरून एक पक्ष म्हणतो कीं वाद्यही तिकडूनच आलें. पण शब्दावरून वस्तूचें कुल ठरविणें धोक्याचें असतें. 'पेटी' हा शब्द अस्सल आपला आहे. म्हणून हार्मोनियम मावळांत जन्मली असें कोणी म्हणत नाहीं. अमीर खुस्रौनें (१२५३–१३२५) पखवाज मधोमध कापून त्याचे दोन तुकडे उभे केले व तबला निर्माण केला, अशी एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खुस्रौनें संगीताविषयीं पुष्कळ लिहिलें आहे, परंतु असा शोध लावल्याचें तो कोठें सांगत नाहीं. तबला ह्या नांवानें व आजच्या रूपानें हें वाद्य भरंवशाच्या पुराव्यांत दिसतें तें अठराव्या शतकांतील उत्तर हिंदुस्थानांत, विशेषतः दिल्लीच्या परिसरांत. आणि वादकांची परंपराही दिल्ली घराण्याच्या आरंभीं सिद्धार खां ढाढी ह्यांचें जें नांव घेते तें त्याच शतकांतलें आहे. तेव्हां खुस्रौची कथा जशी टिकत नाहीं, तसेंच "भाज्याचा तबला" हेंही टिकत नाहीं. एकाला वाद्य दरबारांत जन्मलेलें हवें असतें, दुसऱ्याला लेण्यांत. दोघांनाही एकच जन्मदाता आणि एकच जन्मदिवस हवा असतो. वाद्यें अशा रीतीनें जन्मत नाहींत.

तीं कशीं जन्मतात ह्याविषयीं भरताच्या नाट्यशास्त्रांत एक सुंदर कथा आहे. स्वाति नांवाचे मुनि पावसाळ्यांत एका अनध्यायाच्या दिवशीं पाणी आणावयास सरोवरावर गेले. इतक्यांत इंद्रानें पावसाची झोड उठविली. कमळाच्या मोठ्या, मधल्या आणि लहान पानांवर थेंब पडून जे निरनिराळे नाद निघाले ते मुनींनीं मनांत सांठविले, आणि आश्रमांत परतल्यावर विश्वकर्म्याच्या साह्यानें पुष्कर नांवाचीं वाद्यें घडविलीं. पुष्कर म्हणजे कमळ. कथा कथाच आहे. पण ती रचणाऱ्यानें पाऊस कान देऊन ऐकला होता यांत शंका नाहीं. आषाढांत भाज्याच्या कड्यावरून लेण्यांशेजारीं धबधबा कोसळूं लागला म्हणजे ह्या कथेचें मर्म पुस्तक न उघडतांही कळतें.

भरतानें ह्या पुष्करवाद्यांचें जें वर्णन केलें आहे तें आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी आहे. तीं तीन: मांडीवर आडवें घ्यावयाचें आंकिक, उभें ठेवावयाचें ऊर्ध्वक, आणि कवेंत धरल्यासारखें आलिंग्य. तिन्हीं एकाच वादकाच्या हातांखालीं असत. त्यांचे सूर जुळविण्यासाठीं कातड्यावर नदीकांठची काळी माती लावावी, असें तो सांगतो. आजही पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती ह्याच कारणासाठीं. म्हणजे कातड्यावर भार घालून त्याला सुरांत आणण्याची कल्पना नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे, आणि एकाच माणसानें हातांनीं अनेक ढोल वाजविण्याची रीत तर भाज्याच्या दगडावर डोळ्यांनीं दिसते. ह्या मुलखांत जोडवाद्याची आवड इतर रूपांनींही टिकली. गोंधळ्याचा संबळ हें दोन ढोलांचें जोडवाद्यच आहे. तें मात्र काठ्यांनीं वाजवितात. तेव्हां खरें विधान असें करावें लागतें: तबला हें वाद्य सुमारें तीनशें वर्षांचें आहे, परंतु तें ज्या हातांच्या संवयींतून घडलें त्या संवयी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. मधल्या काळांत त्या संवयी कोणकोणत्या खोडांवर, कोणकोणत्या कातड्यांवर फिरल्या, आणि त्यांत किती जातींच्या व धर्मांच्या माणसांचे हात लागले, ह्याची यादी देऊं शकेल असा एकही शिलालेख नाहीं. ज्यांनीं हें वाद्य घडविलें त्यांनीं तें कोणाच्याही एकट्याचें राहूं दिलें नाहीं.

भाज्याच्या ह्या शिल्पांत मला स्वतःला ह्याहून मोठें कोडें वाटतें तें निराळें आहे. हा विहार भिक्षूंच्या निवासाचा होता. येथील स्तूपांच्या समूहांत दिवंगत थेरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. बौद्ध संघांत प्रवेश करणाऱ्या श्रामणेराला जीं दहा शीलें घ्यावीं लागत त्यांत नृत्य, गीत व वाद्य ह्यांच्या दर्शनापासून दूर राहण्याचें एक शील होतें. मग ज्यांनीं वाद्य न ऐकण्याचें व्रत घेतलें त्यांच्याच दाराशीं वादिका कशी? राजदरबारांतील अथवा स्वर्गांतील ऐश्वर्याचें हें चित्र असून तें दात्यांच्या हौसेनें कोरविलें, असें एक उत्तर देतां येईल. परंतु पाली वाङ्मयांत दुसरेंही एक उत्तर सांपडतें. दीघनिकायांत अशी हकीकत आहे कीं, बुद्ध इंद्रशाल गुहेंत ध्यानस्थ असतांना त्याला भेटावयास आलेल्या इंद्रानें पंचशिख नांवाच्या गंधर्वाला वीणा घेऊन पुढें पाठविलें. पंचशिखानें गाऊन वाजवून दाखविलें, आणि बुद्धानें त्याच्या तारांचा स्वर व गाण्याचा स्वर एकमेकांशीं कसे मिळून जातात ह्याची प्रशंसा केली. हा प्रसंग भारहूतच्या शिल्पांत नांवानिशीं कोरलेला आहे. दुसऱ्या एका सूत्रांत सोण नांवाच्या अतिकष्टी भिक्षूला बुद्ध त्याच्या पूर्वायुष्यांतील वीणेची आठवण देतो, आणि तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती वाजत नाहीं, तसेंच साधनेचें आहे, असें समजावितो. ज्यानें तार जुळविणें कधीं लक्षपूर्वक ऐकलें नाहीं त्याला ही उपमा सुचणार नाहीं. संघानें वाद्याची चैन टाळली, पण ऐकण्याची बुद्धि टाकली नाहीं. दगडावरच्या त्या प्रसंगाकडे जातां-येतां पाहणाऱ्या भिक्षूच्या मनांत काय येत असेल, ह्याचा विचार ह्या दृष्टीनें करून पाहण्यासारखा आहे.

आतां त्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. कारण तिच्यांत इतिहास आहे आणि तो तिच्या स्वतःच्याही लक्षांत आला नव्हता. भाज्यास वाद्य नृत्याच्या सेवेंत आहे. भरताच्या ग्रंथांत तें नाट्याच्या सेवेंत आहे. शेंकडों वर्षें चर्मवाद्याचें स्थान बहुधा हेंच होतें. तबला मध्यभागीं ठेवून, पेशकारापासून कायदे, रेले, तुकडे व चक्रदारांपर्यंत त्याचाच विस्तार ऐकावयास तिकीट काढून लोकांनीं जमावें, ही गोष्ट फार अलीकडची. तिला सार्वजनिक सभागृह लागतें, आणि दरबाराशीं ज्याचा संबंध नाहीं असा मध्यमवर्गीय श्रोता लागतो. पुण्यांत गायन समाज १८७४ सालीं स्थापन झाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अशा प्रयत्नांनीं तो श्रोता हळूहळू तयार झाला. अहमदजान थिरकवा ह्यांच्यासारखा थोर तबलावादक बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळींत साथ करीत असे, म्हणजे भरताच्याच रीतीनें नाट्याच्या पायाशीं बसत असे. आणि त्याच थिरकव्यांचें स्वतंत्र वादन ऐकणें ही पुढें रसिकांना पर्वणी वाटूं लागली. १९७० सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. अल्लारखां (१९१९–२०००) व त्यांचे पुत्र झाकीर हुसेन (निधन २०२४) ह्यांनीं तर तबला जगाच्या व्यासपीठांवर मध्यभागीं नेऊन ठेविला. धन्याची व चाकराची अदलाबदल झाल्यासारखें जें तिला वाटलें तें एका संध्याकाळचें दृश्य नव्हतें. फार लांबच्या प्रवासाचें तें शेवटचें ठिकाण होतें.

आणखी एक गोष्ट. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय १९०२ सालीं सुरू झाला. त्यापूर्वींचा सारा ताल, भाज्यापासून दिल्लीपर्यंतचा, विरून गेलेला आहे. जें उरलें तें केवळ गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत गेलें म्हणून उरलें. एखाद्या पिढीनें ऐकावयाचें सोडलें असतें तर साखळी तेथेंच तुटती. म्हणून समोर बसून ऐकणें हें ह्या कलेंत मनोरंजनापुरतें नाहीं. वाद्य जिवंत ठेवण्याचें तें एक अंग आहे. त्या विद्यार्थिनीला मीं तिचें शेवटचें वाक्य खोडावयास सांगितलें नाहीं, तर दुरुस्त करावयास सांगितलें. बावीसशें वर्षांपूर्वींचेंच वाद्य आपण ऐकलें असें न लिहितां, तीनशें वर्षांच्या वाद्यांतून बावीसशें वर्षांची संवय ऐकली असें लिहावें. अभिमानाला त्यांत पुष्कळ जागा आहे, आणि तो कोणी खोटा ठरवील ही भीतिही नाहीं.

परंतु अभिमानाच्या भरांत ज्या गोष्टीकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं ती शेवटीं सांगितली पाहिजे. शिल्पांत वाजविणारी स्त्री आहे. प्राचीन काळीं हें नवलाचें नव्हतें. गणिका व दासी ह्यांना गीत, वाद्य, नृत्य, वीणा, वेणु व मृदंग शिकविणाऱ्या आचार्यांचा निर्वाह राजानें करावा, असें कौटिल्याचें अर्थशास्त्र सांगतें. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत नर्तकीभोंवतीं वाद्यें घेतलेल्या स्त्रिया रंगविलेल्या आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत नर्तकीच्या दोहों बाजूंस बसलेलें वादकवृंद सारें स्त्रियांचें आहे. मग केव्हांतरी हा हात ढोलावरून उचलला गेला. पुढच्या काळीं स्त्री गाऊं लागली, नाचूं लागली, पण तिच्यामागें बसून तबला आणि सारंगी वाजविणारे पुरुष झाले. आणि कुलीन घरांत तर ढोलाला हात लावणें हें मुलीचें काम नव्हे असें ठरून गेलें. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) ह्यांनीं तबल्याच्या स्वतंत्र वादनांत नांव मिळविलें, आणि पखवाज व तबला ह्यांच्या घराण्यांचा हिंदींत इतिहासही लिहिला; तरीही एखादी स्त्री तबल्यावर बसली म्हणजे सभागृहांत अजून कुजबुज होते. त्या विद्यार्थिनीच्या चार पानांतही, त्या दिवशीं व्यासपीठावर एकही स्त्री नव्हती, असें एक वाक्य कंसांत आलेलें आहे. तिनें त्यावर अधिक कांहीं लिहिलेलें नाहीं. भाज्याच्या शिल्पाची साक्ष काढून जे तबल्याचें वय वाढवितात त्यांनीं तीच साक्ष पुरती ऐकावी. दगडावर वाद्याचें नांव कोरलेलें नाहीं. तें वाजविणारी मात्र स्पष्ट दिसते. वाद्य आपलें म्हणून सांगावयाचें आणि आपल्या घरांतील मुलीनें तें वाजवूं नये म्हणावयाचें, हे दोन्ही व्यवहार त्या एकाच दगडाच्या आधारानें चालविणें कठीण आहे.